धावणारा पुढे जातो, हवा तंबूत राहते

कॅलिफोर्नियातल्या 'वेस्टर्न स्टेट्स' या १०० मैलांच्या डोंगरी शर्यतीत जेमतेम ३७० जण धावतात आणि त्यांच्यासाठी सुमारे १५०० स्वयंसेवक राबतात. करोनाच्या साथीत २०२० साली ही शर्यत रद्द झाली. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची शर्यत सलग दोन वर्षं झाली नाही. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारी २०२० नंतर थेट १५ जानेवारी २०२३ला भरली. शर्यती परतल्या तेव्हा धावपटूंच्या चाचण्या आणि लसीकरण यांची पुष्कळ चर्चा झाली. पाण्याच्या टेबलामागे रात्रभर उभ्या राहणाऱ्या माणसाची त्या मानाने कमीच झाली. पुढची साथ येईल तेव्हा हे उलटं व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

हवेतून पसरणाऱ्या विषाणूचं गणित तीन गोष्टींवर चालतं: हवेत विषाणू किती, आपण तिथे किती वेळ आणि श्वास किती घेतो. खोकल्यातला १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब पाचेक सेकंदांत जमिनीवर पडतो. ५ मायक्रॉनचा कण मात्र स्थिर हवेत अर्धा तास तरंगत राहू शकतो. म्युनिकच्या संशोधकांनी २०२२ मध्ये व्यायाम करणाऱ्यांच्या उच्छ्वासातले कण मोजले. विश्रांतीत मिनिटाला सरासरी ५८० कण बाहेर पडत होते, पूर्ण दमछाक होताना ७६,२००. मध्यम श्रमापर्यंत ही वाढ हळूहळू होते, त्यापुढे एकदम चढते.

हा आकडा वाचून पाणी देणाऱ्याला धडकी भरेल, पण तो धावपटू त्याच्यासमोर दहा सेकंद असतो, तेही वाऱ्यात. साथीतल्या संशोधनांचा २०२१ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा नोंदलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहून कमी उघड्यावर झालेले दिसले. बंद जागेत लागण होण्याची शक्यता सुमारे १९ पट जास्त निघाली. शेजारचा स्वयंसेवक मात्र आपल्याबरोबर दहा तास असतो. त्याच्यासोबत आपण पहाटे काचा लावलेल्या जीपमधून घाट चढतो, बिब, म्हणजे धावपटूंच्या छातीवरचे क्रमांक, वाटायच्या हॉलमध्ये बसतो, तंबूत मास्क काढून पोहे खातो. खरा धोका याच जागांत साठतो.

म्हणून तंबूची मांडणी महत्त्वाची. शेजारी कुणी विडी ओढत असेल तर धूर कुठे जाईल, एवढं डोळ्यांसमोर आणलं की बहुतेक निर्णय सुचतात. वारा पाठीमागून येईल असं उभं राहावं आणि मांडवाच्या तीन बाजू उघड्या ठेवाव्यात. सिंहगड-राजगड-तोरणा वाटेवरच्या डिसेंबरातल्या अल्ट्रामध्ये, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीत, पहाटे थंडी झोंबते, तेव्हा ताडपत्री खाली सोडण्याचा मोह होणारच. ताडपत्री सोडली की मांडवाची खोली झाली. त्यापेक्षा जादा स्वेटर आणि कानटोप्या आणाव्यात.

खिशात मावणारा कार्बन डायऑक्साइड मापक अशा वेळी फार कामाचा. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो, उच्छ्वासात ४०,०००च्या आसपास. तंबूतला आकडा १२०० झाला, तर आपण घेतो त्या हवेचा सुमारे पन्नासावा हिस्सा कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. तेव्हा ताडपत्री वर करायची.

प्रवासात आणि हॉलमध्ये एन-९५ मास्क हवाच. तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला नीट चिकटला तरच. घामाने भिजला तर बदलावा, त्यासाठी जादा मास्क पिशवीत असू द्यावेत. फिनिश लाइनवरही तो काढू नये. तिथे शेवटचा जोर लावून आलेला माणूस आपल्यासमोर वाकून धापा टाकतो, आणि पदक घालणाऱ्यासमोर अशी माणसं एकामागून एक येतात. पदकं टेबलावर ठेवून ज्याची त्याने उचलणं हा साधा, चांगला बदल आहे.

२०२०मध्ये टेबलं, बाटल्या, बूट सगळ्यांवर फवारे मारण्यात जी शक्ती गेली, ती खिडक्या उघडण्यात जायला हवी होती. हात धुणं मात्र सोडू नका. चिरलेली संत्री आणि उकडलेले बटाटे शेकडो हातांतून जातात, आणि पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. तिथे साबण-पाणीच लागतं.

प्रवेशद्वारावरची तापाची बंदूकही फसवी. करोनात लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवशीच माणूस बराच संसर्गजन्य असतो, आणि गार वाऱ्यात कपाळाचं तापमान भलतंच दाखवतं. त्याच सकाळची अँटिजेन चाचणी बरी. त्याहून मोलाची बदली माणसांची यादी. 'घसा खवखवतोय, येत नाही' असं सांगताना कुणाला अपराधी वाटू नये, एवढी ती लांब असावी. तसंच तुकड्या ठरवून त्याच चार-पाच जणांना एका पाळीत ठेवलं, तर एक आजारी पडल्यावर पाणी-खाणं देणारी सगळी चौकी रिकामी होत नाही.

अंतर पाळण्यालाही एक मर्यादा आहे. उष्माघात झालेल्याला दोन मीटरवरून थंड करता येत नाही. त्याला लगेच गार पाण्यात उतरवावं लागतं, बर्फ लावावा लागतो. हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या तोंडावर कापड किंवा मास्क टाकून केवळ छातीवर दाब देत राहावं, तोंडाने श्वास देऊ नये, असा सल्ला साथीत प्रशिक्षण नसलेल्यांना दिला गेला होता. त्यासाठी मास्क, हातमोजे आणि बर्फाची पेटी प्रत्येक चौकीवर एकाच ठरलेल्या जागी ठेवावी, आणि ती जागा पाळी बदलताना पुढच्या तुकडीला हाताने दाखवावी.