गोव्याच्या व्हाळांतले मासे आले कोठून?

पहिल्या पावसाने व्हाळ, म्हणजे ओढे, फुगले की गोव्याच्या डोंगराळ सत्तरी तालुक्याकडे चढणीच्या, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशांची लगबग सुरू होते. खाली खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत, मानशीजवळच्या (भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळच्या) जाळ्यात काळुंदर सापडते. एकाच खोऱ्यातले हे मासे तेथे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या वाटांनी पोचलेले आहेत.

काळुंदर सिक्लिड कुळातले असून त्याचे सर्वांत जवळचे भाऊबंद, भारत-श्रीलंका सोडल्यास, मादागास्करात आहेत. काठालगत पाण्याच्या वरच्या थरात राहून डासांच्या अळ्या टिपणारा, डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला अ‍ॅप्लोकायलस हा चिमुकला मासाही तसाच. त्याचे नातलग मादागास्कर व सेशेल्स बेटांवर आढळतात. भारत मादागास्करपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी तुटला, तेव्हा हे मासे त्या भूखंडावर बसूनच उत्तरेकडे आले, असा तर्क त्यावरून केला जातो. तर्क मोहक आहे, पण सिक्लिडांचे ज्ञात जीवाश्म जेमतेम साडेचार कोटी वर्षांइतकेच जुने आहेत, आणि खाजनातल्या मचूळ पाण्यात सुखाने वाढणाऱ्या काळुंदराच्या पूर्वजांना समुद्राने पूर्णपणे अडवले असेल, असे मानणे अवघड जाते.

कार्प कुळातल्या छोट्या माशांची गोष्ट याच्या उलट आहे. खारे पाणी त्यांना सहसा मानवत नाही, आणि मादागास्करात या कुळाचा एकही मूळचा मासा नाही. म्हणजे भारत आशियाला भिडू लागल्यानंतर, साधारण गेल्या पाच कोटी वर्षांत, ते जमिनीवरच्या नद्यानाल्यांतून दक्षिणेत पसरले असावेत. पण कोणत्या वाटेने? भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सातपुड्याची वाट सुचवली: ईशान्येकडील डोंगरी प्रवाहांतले मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेने सह्याद्रीत उतरले. खडकाला चिकटून राहणाऱ्या माशांमधील साम्यावर त्यांचा मोठा भर होता. मात्र वेगवान पाण्यात राहणाऱ्यांची शरीरे स्वतंत्रपणेही सारखी घडू शकतात, हे या मांडणीचे दुबळे अंग.

सह्याद्रीत आल्यावरही घाटमाथा ओलांडायचा होताच. पश्चिमेकडचे आखूड, उताराचे प्रवाह माथा झिजवत मागे सरकतात आणि कधी पूर्वेकडच्या नदीचे शीर्षच ओढून घेतात. तेव्हा पाण्याबरोबर मासेही खोरे बदलतात. गोव्याच्या सीमेलगत कर्नाटकातल्या कणकुंबी परिसरात ही जवळीक डोळ्यांनी दिसते: मलप्रभा तेथून कृष्णेकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघते, आणि शेजारचा कळसा नाला म्हादईला मिळून गोव्यात उतरतो.