डावखुऱ्यांसाठी पावसाळी बंदूक : निवड आणि निगा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सातारा

मृग जवळ आला की आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो : "मी डावखुरा आहे, मला पावसात चालेल अशी बाराबोअर (छऱ्यांची बंदूक) कोणती?" विचारणारे बहुतेक तीन प्रकारचे असतात. फौजेतून निवृत्त होऊन बँकेत किंवा साखर कारखान्यावर पहाऱ्याची नोकरी करणारे, पाटण-जावळीकडचे शेतसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, आणि हल्ली ट्रॅप-स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी शिकणारी मुलं-मुली. काउंटरवर घाईत दिलेलं उत्तर पुरत नाही, म्हणून हे पत्रक.

आपल्या जिल्ह्यात पाऊस एकसारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि माण-खटावला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक समाधानी असतात. दहिवडीत वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली बंदूक कोयनेच्या खोऱ्यात एका श्रावणात गंजते. तेव्हा शेजाऱ्याची बंदूक चांगली चालते एवढ्यावर जाऊ नका. तो शेजारी कोणत्या गावचा, तेही विचारा.

आधी डोळा तपासा

हात डावा आहे म्हणजे नेमाचा डोळाही डावाच असेल, असं नाही. आमच्याकडे येणाऱ्या डावखुऱ्यांना आम्ही सगळ्यात आधी दुकानाच्या दारात उभं करतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये लहानसं भोक करायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा मनोरा पाहायचा. मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा मिटल्यावर मनोरा भोकातून नाहीसा होतो, तो तुमचा नेमाचा डोळा. घरी अंगणात उभं राहून समोरच्या खांबाकडे पाहूनही हे करता येतं.

डावा हात आणि डावा डोळा असेल तर प्रश्न सरळ आहे, डाव्या खांद्यावर बंदूक घ्या. हात डावा पण डोळा उजवा निघाला, तर पैसे खर्च करण्यापूर्वी आमच्याशी बोला. नव्याने शिकणाऱ्याने डोळ्याच्या बाजूचा खांदा धरावा असं आमचं मत आहे. वीस वर्षं डाव्या खांद्यावरून बार काढलेल्या माणसाला मात्र आम्ही तो सल्ला देत नाही.

डावखुऱ्याला त्रास नेमका कुठे होतो

बाजारातल्या बहुतेक बंदुका उजव्या हाताचा माणूस डोळ्यापुढे ठेवून घडवलेल्या असतात. पहिली अडचण दस्त्याची, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या भागाची. उजव्या हाताच्या माणसासाठी दस्त्याला किंचित उजवीकडे बाक दिलेला असतो, म्हणजे गाल टेकवल्यावर डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. डावखुऱ्याच्या गालाखाली तोच बाक उलटा बसतो. डोळा रेषेबाहेर जातो, मग माणूस मान वाकडी करून तो रेषेत आणतो, आणि दस्ता गालफडावर आपटतो. "माझी बंदूक फार मारते" अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येक डावखुऱ्यांच्या बाबतीत दोष काडतुसाचा नव्हता, दस्त्याचा होता.

दुसरी अडचण पंप (नळीखालची मूठ हाताने मागे-पुढे सरकवून भरायच्या) आणि सेमी-ऑटोमॅटिक (बार उडाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) बंदुकांची. रिकामं काडतूस उजव्या बाजूच्या खिडकीतून उडतं. उजव्या हाताच्या माणसाचं तोंड नळीच्या डावीकडे असतं, त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डावखुऱ्याचं तोंड मात्र नेमकं खिडकीच्या बाजूला असतं. काडतूस डोळ्यासमोरून जातं, कधी धूर आणि जळक्या दारूचे कण चेहऱ्यावर येतात. पावसात त्याबरोबर पाण्याचे शिंतोडेही उडतात. म्हणून अशी बंदूक वापरणाऱ्या डावखुऱ्याने संरक्षक चष्मा लावल्याशिवाय बार काढू नये. यात आम्ही कोणालाही सूट देत नाही.

तिसरी अडचण सेफ्टीच्या, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून चाप अडवणाऱ्या बटणाची. चापाच्या मागे आडवं दाबायचं बटण उजव्या तर्जनीसाठी केलेलं असतं. काही बंदुकांत ते उलटं बसवता येतं, सगळ्यांत नाही. दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली येणारी सेफ्टी असेल तर दोन्ही हातांना सारखीच सोयीची. ओल्या, गारठलेल्या बोटांनी चाचपडायची वेळ आली की हा फरक फार मोठा वाटतो.

सेमी-ऑटोमॅटिकबद्दल स्पष्टच सांगतो

मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहून बरेच ग्राहक सेमी-ऑटोमॅटिक मागतात. तिकडे डावखुऱ्यांसाठी खास बंदुका निघतात हे खरं आहे. इटलीची बेनेली डाव्या हाताचे नमुने काढते, अमेरिकेच्या रेमिंग्टनने आपल्या 1100 या जुन्या नमुन्यातही ते काढले होते. त्यांत खिडकी, खटका, सेफ्टी सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं. पण आपल्याकडे शस्त्र नियम, 2016 प्रमाणे सेमी-ऑटोमॅटिक बंदूक निर्बंधित गटात मोडते. जिल्ह्याच्या साध्या परवान्यावर ती मिळत नाही आणि आम्ही ती विकत नाही. नामांकित नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, त्यांनी आपल्या रायफल असोसिएशनमार्फत जावं.

ज्यांच्याकडे ती कायदेशीर आहे, किंवा जे नेमबाजीत त्या वाटेने जाणार आहेत, त्यांच्यासाठी पावसाच्या दृष्टीने थोडं सांगणं आमचं काम आहे.

या बंदुका मुख्यतः दोन तऱ्हांनी चालतात. पहिलीत नळीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून थोडा वायू बाहेर येऊन पिस्टन ढकलतो आणि पिस्टन बोल्ट (काडतुसामागचा सरकता लोखंडी भाग) मागे नेतो. धक्का कमी लागतो, दिवसभर सराव करणाऱ्याला बरं वाटतं. पण त्या वायूबरोबर काजळीही येते. काजळीत ओल मिसळली की पिस्टनवर चिकट राप बसतो आणि बोल्ट रेंगाळतो. पावसात वापरलेली अशी बंदूक त्याच रात्री उघडून पुसावीच लागते. दुसरी तऱ्हा धक्क्यावर चालणारी. तिच्या बोल्टमध्ये एक जाड स्प्रिंग असते. बार उडाल्यावर बंदूक मागे येते, बोल्ट जागीच राहू पाहतो, स्प्रिंग दाबली जाते आणि सुटताना काम करते. वायू नळीतच राहतो, आतले भाग स्वच्छ राहतात. पावसासाठी आमची पसंती या दुसरीला. मात्र ती खांद्याला घट्ट लावली नाही किंवा 24 ग्रॅम छऱ्यांची हलकी काडतुसं वापरली, तर काही वेळा पुढचं काडतूस भरत नाही.

दोन्ही तऱ्हांत एक जागा लोक विसरतात. अनेक नमुन्यांत परतीची स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळकांड्यात असते. ओली बंदूक नळी वर करून भिंतीला टेकवली की पाणी थेट तिथे उतरतं. बाहेरून सगळं चकचकीत, आत स्प्रिंग गंजून लाल. पावसातून आल्यावर बंदूक काही वेळ नळी खाली करून ठेवा.

मग सामान्य परवानाधारकाने घ्यावं काय

दुनळी. डावखुऱ्याला आणि पावसाला, दोघांनाही पुरी पडणारी. नळ्या बिजागरीवर खाली वाकवून उघडली की रिकामी काडतुसं मागे, तुमच्याच हाताखाली निघतात, तोंडासमोरून काही उडत नाही. नव्या पद्धतीच्या दुनळीत सेफ्टी मानेवर मधोमध असते. आत पाणी गेलं तर उघडून नळ्यांतून आरपार बघता येतं. वायू, पिस्टन, लांब स्प्रिंगा काही नाही. जागेवर अडकून बसेल असं फार थोडं असतं.

तिच्यातही डावखुऱ्याने दोन गोष्टी बघाव्यात. नळ्या उघडायची वरची कळ उजव्या अंगठ्याने सरकवण्यासाठी असते. डाव्या अंगठ्याने ती ओढावी लागते, म्हणून घट्ट कळ असलेली बंदूक घेऊ नका. दुकानात दहा वेळा उघडझाक करून बघा, आम्हाला त्याचा राग येत नाही. दुसरं म्हणजे दस्ता. तो लाकडी असेल तर गरम तेलाचा शेक देऊन आमचे मिस्त्री त्याला डावीकडे बाक देतात. ते स्वतः डावखुरे आहेत आणि हे काम ते घाईने करत नाहीत. दोन-तीन बैठका लागतात आणि प्रत्येक वेळी तुम्हाला खांद्याला लावून बघावं लागतं. जुन्या लाकडात रेषा वाकड्या किंवा चीर असेल तर आम्ही नाही म्हणतो, कारण असा दस्ता मानेत तुटतो.

पंप बंदूक हवीच असेल तर घ्या. ती हाताच्या जोरावर चालते, त्यामुळे ओल आणि हलकं काडतूस यांचं तिला विशेष वावडं नाही. पण खिडकी आणि बटणाची गोष्ट वर सांगितली आहे, ती पटली तरच. खालून काडतूस टाकणाऱ्या पंप बंदुका जगात आहेत, अमेरिकेतली इथाका 37 त्यांतली जुनी. कोणाच्या आजोबांच्या वारशात अशी आली असेल तर डावखुऱ्या नातवाने ती विकू नये.

लाकूड की सिंथेटिक? कोयना, बामणोली, महाबळेश्वर या पट्ट्यात राहत असाल तर सिंथेटिक दस्ता घ्या. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि लोखंडाशी असलेला त्याचा सांधा ढिला होतो. लाकडाची हौस असेल तर वर्षातून एकदा, पावसाआधी, जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. नळीला आतून क्रोम केलेलं असेल तर पावसाळी गावासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

काडतुसं आणि चिखल

खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं बहुतेकांच्या ओळखीची आहेत. प्लॅस्टिकचं काडतूस पाण्याला बरंच टिकतं, पण तोंडाची घडी आणि मागची धातूची टोपी या त्याच्या कच्च्या जागा. टोपीवर हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर ते वापरू नका. जुनी कागदी काडतुसं ओलीने फुगतात आणि नळीत अडकतात. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, चुलीपासून लांब ठेवा. जुन्या बंदुकीत काडतूस बसायची जागा 65 मिलिमीटर लांबीची असू शकते. तीत 70 ची काडतुसं बसतात, पण उडवताना दाब वाढतो. शंका असेल तर आणून दाखवा, आम्ही मोजून देतो.

आता चिखल. या पत्रकातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा : नळीच्या तोंडात चिखल गेलेला असताना बार काढला तर नळी फाटते. भाताच्या बांधावर पाय घसरतो, माणूस बंदुकीचा आधार घेतो आणि तोंड खाचरात रुततं. पडलात तर बंदूक रिकामी करा, उघडा आणि नळीतून उजेड बघा. पाऊस आत जाऊ नये म्हणून तोंडात चिंधीचा बोळा कोंबणारे आम्ही पाहिले आहेत. तो बोळा काढायचा विसरला तर चिखलाइतकाच घातक. बंदूक तोंड खाली करून न्या, तेवढं पुरतं.

घरी आल्यावर

आधी रिकामी आहे ना, ते पाहा. मग कोरड्या सुती फडक्याने पुसा, गजाला फडकं लावून नळी आतून पुसा, आणि मगच तेल. ओल्यावर तेल लावलं तर पाणी तेलाखाली अडकतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. तेल पातळ आणि थोडं. खोबरेल लावू नका. आपल्याकडच्या थंडीत ते थिजतं आणि चाप, घोडा जड होतात. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं. कॅनव्हास किंवा चामड्याच्या म्यानात बंदूक पावसाळाभर ठेवू नका, म्यान ओल धरून ठेवतं. कोरड्या कपाटात, कुलपात, नळी खाली करून ठेवा, म्हणजे जादा तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात बंदूक जमा करावी लागली तर अशीच पुसून, तेलाचा पातळ हात देऊन जमा करा. एका ग्राहकाने शेतातून आणलेली ओली बंदूक तशीच दिली होती. परत मिळाली तेव्हा नळीत गंजाचे खड्डे पडले होते आणि ते आम्हालाही घालवता आले नाहीत.

कायद्याचं थोडं

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे हौसेची शिकार बंद आहे. रानडुकराने भुईमूग किंवा ऊस उकरला, गव्याने पीक तुडवलं, तरी वन विभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्यांच्यावर बार टाकणं गुन्हा आहे, परवाना शेतसंरक्षणाचा असला तरीही. आधी पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज करा. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही मोफत सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. डावखुऱ्यासाठी बंदूक "आटोपशीर" करून द्या म्हणून नळी कापायला कोणी सांगितलं तर आमचं उत्तर नाही असंच असेल, तो शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

दुकानात येताना मूळ परवाना आणा. दस्त्याचं माप घ्यायचं असेल तर पावसात घालता तोच रेनकोट किंवा जर्किन घालून या, कारण जाड कपड्यावर तोच दस्ता लांब पडतो. बंदूक रिकामी, शक्य तर उघडलेली आणि काडतुसं वेगळ्या पिशवीत. महिना-दीड महिना आधी, वैशाखातच आलात तर मिस्त्रींना दस्त्यासाठी निवांत वेळ मिळतो. मृग लागल्यावर गर्दी होते.