धाकटीची पत्रं

अकरावीतल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीत दोनशे पानी वहीभर कादंबरी लिहिली आणि कॉलेज सुरू झाल्यावर ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मॅडम, यातलं विज्ञान तेवढं तपासाल का?" गोष्ट सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर, गल्लीत दिवसभर मागांची खटखट, सतरा वर्षांची नायिका आणि तिची नऊ वर्षांची धाकटी बहीण. धाकटीला असा आजार आहे की त्यावर आज औषध नाही. मग नायिकेला काळात फिरणारं एक यान सापडतं. पुढे प्रेम आहे, त्याग आहे आणि रडवणारी पानं आहेत. मी रात्री दीडपर्यंत वाचत बसले होते.

पहिल्या भागात नायिका मागे जाते, १९३१ सालात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी १२ जानेवारीला येरवड्यात फाशी दिलं, हे सोलापूरच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. नायिकेला ती फाशी टाळायची असते. इथे मी पेन्सिलीने पहिली खूण केली. समजा, तिने ती टाळली. मग तिच्या लहानपणी हुतात्मा दिन नाही, पुतळ्यांना हार नाहीत, ती गोष्ट ऐकून रात्रभर जागणं नाही. म्हणजे मागे जायचं तिच्या मनातच आलं नसतं. मग मागे गेलं कोण?

ही गाठ भौतिकशास्त्रज्ञांनाही सुटलेली नाही. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून एक गरगर फिरणारं विश्व मांडून दाखवलं. त्यात यान वळवत पुरेसा मोठा फेरा मारणारा प्रवासी स्वतःच्या भूतकाळात येऊन पोचू शकतो. आपलं विश्व मात्र तसं फिरताना दिसत नाही. इगोर नोव्हिकोव्ह म्हणाले, मागे जाता आलं तरी घडलेलं बदलता येणार नाही. तुमचं तिथे येणंसुद्धा त्या घडण्यात आधीपासून विणलेलं असेल. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये असा तर्क मांडला की निसर्ग या वाटा बंदच ठेवत असावा. यातलं काहीच सिद्ध झालेलं नाही. मला नोव्हिकोव्ह यांचं म्हणणं भावतं आणि मी तिला तेच सुचवलं. नायिका त्या पहाटे तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभी राहू दे. तिच्याने काही बदलणार नाही. त्या चौघांचा त्याग त्यांचाच राहील.

पुढच्या काळात जाणं मात्र खरंच घडतं. ते आपण सगळेच थोडंथोडं करत असतो.

आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतांनुसार घड्याळ दोन कारणांनी मंद चालतं: वेगाने आणि गुरुत्वाकर्षणाने. जमिनीपासून जितकं वर जावं तितकं घड्याळ किंचित भरभर चालतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे. म्हणजे रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एखादा मुलगा मुंबईला शिकायला गेला आणि वर्षभर समुद्राकाठी राहिला, तर सोलापुरात थांबलेल्या त्याच्या मैत्रिणीचं वर्ष त्याच्या वर्षापेक्षा सुमारे दीड मायक्रोसेकंदाने मोठं भरतं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. कोणाला जाणवणार नाही, पण अणुघड्याळाला हा फरक सहज कळतो.

वेगाचा पुरावा तर तळहातावर पडतो. हात आडवा धरून एक सेकंद थांबा. तेवढ्यात त्यातून म्युऑन नावाचा साधारण एक सूक्ष्म कण आरपार गेला असेल. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की जमिनीपासून पंधराएक किलोमीटरवर हे कण जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर जातील आणि विरतील. तरी ते जमिनीवर पोचतात, कारण त्या वेगात आपल्या हिशेबाने त्यांचं घड्याळ फार मंद चालतं. माणसाने असा प्रवास फार थोडा केला आहे. सर्गेई क्रिकालेव्ह हे अंतराळवीर सहा मोहिमांत मिळून ८०३ दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि आपल्यापेक्षा सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग पुढे गेले.

आता कादंबरीचा दुसरा भाग. यात नायिका औषधाच्या शोधात व्याधाच्या ताऱ्याकडे जाऊन परत येते, आणि परतल्यावर सगळं जिथल्या तिथे असतं. दुसरी खूण. व्याध ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला ८.६ वर्षं लागतात. यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने गेलं, तर जाऊन येऊन पृथ्वीवर साडेएकवीस वर्षं होतात आणि यानात तेरा वर्षांना थोडी कमी. मी समासात बेरीज केली: नायिका सतरा अधिक तेरा, तीस. धाकटी नऊ अधिक साडेएकवीस, साडेतीस.

दुसऱ्या दिवशी मुलीने ते आकडे पाहिले आणि बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, मग ताई कोणी कोणाला म्हणायचं?"

तिने लगेच पुढची शंकाही काढली: यानातून पाहिलं तर पृथ्वीच मागे पळताना दिसेल, मग पृथ्वीवरचीच माणसं तरुण का राहू नयेत? शंका रास्त आहे. दोघींत फरक एवढाच की व्याधापाशी यान वळतं, पृथ्वी वळत नाही. ज्या बहिणीने वाट वळवली तिचाच काळ कमी भरतो. पॉल लांजव्हॅं यांनी १९११ मध्ये असाच प्रवासी कल्पून हे दाखवलं होतं.

आठवड्याभराने ती नवं हस्तलिखित घेऊन आली. तिने नायिकेला यानातून उतरवलं होतं आणि धाकटीला बसवलं होतं. औषध ताऱ्यावर कुठून मिळणार? ते इथेच, पृथ्वीवर, कोणीतरी वर्षानुवर्षं खपून शोधायचं आहे. धाकटीकडे तेवढी वर्षं नाहीत, ताईकडे आहेत. म्हणून धाकटीला वेगात ठेवायचं आणि ताईने इथे शिकायचं, डॉक्टर व्हायचं, थांबायचं. जाणाऱ्याचाच त्याग मोठा असं मी आजवर धरून चालले होते. या पोरीने ते उलटं करून दाखवलं.

गणित मग आम्ही दोघींनी मिळून केलं. वेग प्रकाशाच्या ९९.५ टक्के धरला. त्या वेगात काळ दहापट मंदावतो. व्याधापर्यंत जाऊन यायला पृथ्वीवर १७ वर्षं आणि साडेतीन महिने, धाकटीची पावणेदोन वर्षं. वेग धरायला आणि सोडायला लागणारा वेळ आम्ही सोडून दिला, तो धरला तर गणित लांबतं. ऊर्जेचा अडसर मात्र सांगायलाच हवा. यान बाजूला ठेवून पंचवीस किलोच्या नुसत्या मुलीला एवढा वेग द्यायचा म्हटला तरी साडेपाच लाख कोटी युनिटांहून जास्त वीज लागते. आजच्या वापराने ती सगळ्या देशाला सुमारे तीन वर्षं पुरेल. असं यान आज कोणाकडे नाही, जवळपासही नाही.

पण त्या गणितात एक गोष्ट निघाली, ती मलाही आधी सुचली नव्हती. धाकटीने रोज रात्री झोपताना ताईला रेडिओवरून एक पत्र पाठवायचं ठरवलं, तर ती पत्रं इथे कशी पोचतील? धाकटी दूर पळते आहे, त्यामुळे प्रत्येक पत्राला आदल्या पत्रापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, शिवाय तिचं घड्याळ मंद. दोन्ही मिळून तिची एक रात्र इथे वीस दिवसांची होते. व्याधापर्यंतचा तिचा प्रवास ३१५ दिवसांचा, म्हणजे ३१५ पत्रं. ती इथे सव्वासतरा वर्षं येत राहतात, वीस दिवसांनी एक. ताई दहावीची, बारावीची शिकवणी घेत मेडिकलला जाते, वडील थकतात, माग विकला जातो, आणि पत्रात धाकटी अजून चौथीचे पाढे म्हणत असते. तिचा आवाजही वीसपट ताणून येतो, तो सरळ करून ऐकावा लागतो.

मग एक दिवस "ताई, पोचले" असं पत्र येतं. ते व्याधापासून निघालं त्याच क्षणी यानही वळलेलं असतं आणि पत्राच्या मागोमाग जवळजवळ त्याच वेगाने येत असतं. त्यामुळे परतीची सगळी ३१५ पत्रं उरलेल्या सोळा दिवसांत कोसळतात, दिवसाला वीस, आवाज चिमणीसारखा बारीक आणि भरभर.

शेवटच्या प्रकरणात चौतीस वर्षांची ताई गच्चीवर ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसली आहे. सकाळपासून अकरा पत्रं आली आहेत. बाराव्यात धाकटी विचारते, गड्ड्याच्या जत्रेला नेशील ना. ताई खाली जाऊन इंजेक्शनची पेटी पुन्हा एकदा उघडून पाहते आणि पलंगावर नऊ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक काढून ठेवते. मग तिला आठवतं की धाकटी आता पावणेअकराची असेल. ती फ्रॉकची दुमड उसवायला बसते.