चाक खोटं बोललं तर?

सीताबर्डीहून खापरीला मेट्रोने जात होतो. शेजारचे काका चालकाच्या केबिनच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "उद्या बिनाचालकाच्या गाड्या येतीन म्हणते. कॉम्प्युटर बिघडला तं गाडी सुसाट सुटन न भौ!"

ही भीती अनेकांच्या मनात असते, पण घडतं उलट. रेल्वेच्या ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब असेपर्यंतच ब्रेक सुटलेले राहतात. दाब गेला की ते आपोआप लागतात. स्वयंचलित यंत्रणेतही तेच तत्त्व असतं: संगणक गप्प झाला की गाडी थांबते. खरा धोका आहे तो चालू संगणकाने चुकीचा आकडा खरा मानण्याचा.

गाडीला आपला वेग कळतो तो मुख्यतः चाकाच्या फेऱ्या मोजून. एलएचबी या नव्या पद्धतीच्या डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि झिजत झिजत ८४५ ला आलं की बाद होतं. म्हणजे एका फेरीत कापलेलं अंतर २.८७ मीटरवरून २.६५ वर येतं. चाक झिजूनही संगणकात नव्या चाकाचाच व्यास राहिला, तर ताशी ९२ किलोमीटरचा वेग १०० दिसेल. ही चूक निदान सुरक्षित बाजूची. पण चाक नवं बसवून आकडा झिजलेल्याचाच ठेवला, तर १०८ ने धावणारी गाडी १०० च सांगेल.

आता जूनचा पहिला पाऊस डोळ्यांसमोर आणा. रुळांवर धुळीचा निसरडा थर. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ते जेमतेम एका लहान नाण्याएवढ्या जागेत. जोरात ब्रेक लागला की चाक जाम होतं आणि गाडी मात्र घसरत पुढे जाते. सेन्सर सांगतो, वेग शून्य!

यावर पहिला उपाय मतदानाचा. वेगवेगळ्या आसांवर तीन सेन्सर बसवायचे. ९८, ९७ आणि ० असे आकडे आले, तर मधला ९७ घ्यायचा. सरासरी नाही, कारण सरासरी ६५ येते आणि एका खोटारड्यापायी सगळंच बिघडतं. पण ओल्या रुळावर तिन्ही चाकं एकदम घसरली तर? मग बहुमतच खोटं ठरतं.

इथे मला सगळ्यात आवडणारी युक्ती कामी येते. गाडीचा वेग एका सेकंदात ११० वरून २० वर आला, असं सेन्सर म्हणतो. म्हणजे मंदन (वेग कमी होण्याचा दर) सेकंदाला सेकंदागणिक २५ मीटर. आणीबाणीच्या ब्रेकनेही ते साधारण १ मीटरच्या आसपास असतं. अपेक्षित आणि मोजलेल्या वेगातली तफावत मर्यादेबाहेर गेली की संगणक त्या सेन्सरला बाजूला काढतो आणि चाकावर अवलंबून नसलेल्या साधनांकडे वळतो: जमिनीवर लहरी सोडणारं डॉप्लर रडार, वेगातला बदल मोजणारं त्वरणमापक. तरीही शंका उरली, तर शक्य असलेला सर्वाधिक वेगच खरा धरून पुढचे निर्णय घेतले जातात.

बीजिंग–झांगजियाकौ मार्गावर ताशी ३५० किलोमीटरने स्वयंचलित गाडी धावते, चालक फक्त लक्ष ठेवून असतो. त्या वेगात एका सेकंदात ९७ मीटर मागे पडतात. तिथे प्रत्येक शंकेला गाडी जागीच थांबवणं परवडत नाही. म्हणून एखादी मोटर गेली, तर तिचा भार उरलेल्या मोटरी वाटून घेतात आणि वेगाची मर्यादा खाली येते.

खंडेनवमीला इंजिनाला हार घालावा, त्यात श्रद्धा आहे. पण लिंबू-मिरचीने चाकाचा व्यास दुरुस्त होत नाही. आणि 'शून्य अपघात' अशी जाहिरातही कुणी करू नये, कारण इथला सगळा हिशोब संभाव्यतेचा आहे.

गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या आपल्या 'कवच' प्रणालीत रुळांमध्ये स्लीपरवर टॅग बसवलेले असतात. दोन टॅगच्या मधे चाक मोजत राहतं, चूक साचत जाते. पुढचा टॅग आला की गाडीला आपली नेमकी जागा कळते आणि साचलेली चूक पुसली जाते.