समुद्र लांब असला तरी गोदावरी दारातूनच जाते

"प्लास्टिकमधली रसायनं समुद्रात विरघळून जातात, आणि तो प्रश्न कोकणचा. मराठवाड्याला कुठं समुद्र आहे?" हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

पैठण, नांदेडवरून जाणारी गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत जायकवाडी, विष्णुपुरीसारखे बांध बराच गाळ अडवतात, पण सगळा नाही; उरलेला समुद्रापर्यंत जातो.

आता रसायनाचं. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं. त्याला मऊ करायला थॅलेट वर्गातली तेलकट रसायनं मिसळतात. डीईएचपी त्यातलं सर्वांत परिचित. मऊ पीव्हीसीत त्याचं प्रमाण बऱ्याचदा वजनाच्या 20 ते 40 टक्के असतं. ते प्लास्टिकला रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, म्हणून हळूहळू झिरपतं. वापरून जुनी झालेली नळी कडक होते, त्याचं एक कारण हेच. डीईएचपी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतं आणि तिथं प्राणवायू नसेल तर फार सावकाश विघटतं. हलकी थॅलेटं मात्र पाण्यात राहतात, लवकर मोडतात. त्यामुळे नुसतं पाणी तपासून 'स्वच्छ' म्हणणं अर्धवटच. किनाऱ्यावर काय, धरणात काय, गाळही तपासायला हवा.

ठिबकवर मात्र उगाच आळ नको. त्या नळ्या पॉलिएथिलीनच्या. मुळातच लवचिक, थॅलेट लागत नाही. बोअरचा कडक पाइपही त्यातून सुटला. थॅलेटचा खरा साठा रेक्झिन, मऊ पारदर्शक नळ्या आणि पीव्हीसीच्या चपलांत.