पंट रिटर्नर (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

पंट रिटर्नर : अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्धी संघाने लाथेने उंच टोलवलेला चेंडू मागे एकटा उभा राहून झेलणारा आणि शक्य असल्यास तो घेऊन उलट दिशेने धावणारा खेळाडू. चेंडू जवळ असलेल्या संघाला 10 यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. पहिल्या तीन संधींत ते साधले नाही, तर बहुतेक संघ चौथी संधी धोक्यात घालत नाहीत आणि चेंडू शक्य तितका लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेकडे ढकलतात. या लाथेला पंट म्हणतात. एका सामन्यात रिटर्नरच्या वाट्याला असे प्रसंग मोजकेच येतात आणि त्यांतील निम्म्याहून कमी वेळा तो प्रत्यक्ष धावतो. तरीही महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत जास्त आठवले जाणारे काही क्षण याच खेळाडूचे आहेत. त्याची थोरवी बहुधा वेगात शोधली जाते. वास्तविक ती चेंडू हवेत असतानाच्या चार-साडेचार सेकंदांत घेतलेल्या निर्णयात आणि त्यानंतरच्या स्वच्छ झेलात असते. वेगाचा क्रम या दोहोंनंतर लागतो.

चांगला पंट सुमारे साडेचार सेकंद हवेत राहतो आणि खेळ जेथून सुरू होतो त्या रेषेपासून 40 ते 45 यार्डांवर पडतो. तेवढ्याच वेळात लाथ मारणाऱ्या संघाचे वेगवान खेळाडू जवळजवळ तेवढेच अंतर कापतात. त्यामुळे चेंडू हातात पडताना अंगावर येणारा पहिला माणूस हाताच्या अंतरावर असू शकतो. या बाबतीत महाविद्यालयीन नियम रिटर्नरसाठी व्यावसायिक नियमांहून कठोर आहेत. व्यावसायिक लीग एनएफएलमध्ये चेंडूला लाथ बसेपर्यंत केवळ दोन टोकांच्या खेळाडूंना पुढे धावता येते, तर महाविद्यालयीन खेळात स्नॅप होताच, म्हणजे खेळ सुरू करण्यासाठी चेंडू मागे दिला जाताच, सर्वांना धावण्याची मुभा आहे. याचा फायदा घेत बहुतेक महाविद्यालयांनी पुढच्या रांगेतील खेळाडू दूरदूर उभे करून पंटरच्या, म्हणजे पंट मारणाऱ्याच्या, पुढे तिघांची भिंत उभारण्याची रचना स्वीकारली. रांगेतले खेळाडू फारसे न अडवता सरळ धावत सुटतात आणि पंटरचे रक्षण ती तिघांची भिंत करते. काही पंटर तर रग्बीच्या धर्तीवर बाजूला धावत जाऊन, आपले साथीदार बरेच पुढे गेल्यावर, बुटका आणि घरंगळणारा चेंडू मारतात. अशा वेळी चेंडू कोठे येणार हे रिटर्नरला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही.

झेलणाऱ्याच्या संरक्षणासाठी नियम आहेत. त्याला चेंडू निर्वेधपणे झेलू द्यावा लागतो आणि त्यात अडथळा आणल्यास 15 यार्डांचा दंड होतो. एके काळी महाविद्यालयीन खेळात त्याच्याभोवती दोन यार्डांचे अदृश्य वर्तुळ मानले जात असे आणि चेंडू हातात येईपर्यंत त्यात पाऊल टाकण्यास मनाई होती. 2003 च्या हंगामापासून हे वर्तुळ गेले, आणि धावत येणारे खेळाडू झेलणाऱ्याच्या अधिक जवळ येऊ लागले. एक हात डोक्यावर उंच करून हलवला की तो फेअर कॅचचा संकेत ठरतो. मग झेलल्या जागीच खेळ थांबतो. त्याला कोणी पाडू शकत नाही आणि त्यालाही धावता येत नाही.

म्हणजे रिटर्नरपुढे तीन वाटा असतात : झेलून धावणे, फेअर कॅच घेणे किंवा चेंडू सोडून देणे. यांतील निवड करण्यासाठी त्याला चेंडूवरची नजर क्षणभर हटवून समोरून येणाऱ्यांचे अंतर पाहावे लागते आणि पुन्हा चेंडू शोधावा लागतो. हे ज्याला जमत नाही त्याने या जागेवर उभे राहू नये, मग तो कितीही चपळ असो. स्वतःच्या गोलरेषेजवळ हा प्रश्न आणखी अवघड होतो. चेंडू गोलरेषेपलीकडे गेला तर टचबॅक होऊन त्याच्या संघाला 20 यार्डांच्या रेषेवरून खेळ सुरू करता येतो. म्हणून प्रशिक्षक सहसा असे शिकवतात की, टाचा 10 यार्डांच्या रेषेवर ठेवाव्यात आणि चेंडू डोक्यावरून मागे जात असेल तर त्याच्या मागे जाऊ नये. याउलट मैदानाच्या मधोमध चेंडू सोडून देणे महागात पडते, कारण टप्पा पडून तो पुढे आणखी 10 ते 15 यार्ड घरंगळू शकतो. कमी लांबीचा पंट पुढे धावत येऊन झेलणारा रिटर्नर एकही पाऊल न पळता संघाला हे अंतर मिळवून देतो, आणि आकडेवारीच्या तक्त्यात त्याची नोंद कोठेच होत नाही. माझ्या मते या कामातील कौशल्याची खरी कसोटी येथेच लागते.

सोडलेल्या चेंडूचाही एक धोका असतो. झेलणाऱ्या संघातील कोणाच्याही पायाला किंवा पाठीला तो लागला की प्रतिस्पर्धी त्यावर झडप घालून ताबा मिळवू शकतात. समोरच्याला अडवण्यात गुंतलेल्या साथीदारांना चेंडू दिसत नसतो. म्हणून रिटर्नर मोठ्याने ठरलेला शब्द ओरडून आणि हातवारे करून त्यांना दूर पिटाळतो. ऐंशी-नव्वद हजार प्रेक्षकांच्या गोंगाटात तो आवाज पोचेलच असे नाही, त्यामुळे हातवारे आणि पळत जाऊन दूर होणे हेच विश्वासाचे. मात्र चेंडूला आधी प्रतिस्पर्ध्याने स्पर्श केला असेल, तर नियम झेलणाऱ्या संघाच्या बाजूने झुकतो. रिटर्नरने तो उचलून धाव घेतली आणि पुढे गमावला, तरी संघाला स्पर्श झालेल्या जागेवर चेंडू मागता येतो. अट एवढीच की त्या खेळात आपल्याकडून दंडनीय चूक घडलेली नसावी. जाणकार रिटर्नर ही फुकटची संधी सोडत नाही.

आता झेल. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ उंच उडालेला झेल घेणाऱ्याच्या अंगावर तीन-चार धिप्पाड माणसे एकाच वेळी धावून येत असतील, तर जी अवस्था होईल ती रिटर्नरची नेहमीची असते. चेंडू लांबट असल्याने त्याचे टोक कोठे वळते यावर सारे अवलंबून असते. उतरताना टोक खाली वळले तर चेंडू लांब जातो, आणि टोक वरच राहिले तर तो अपेक्षेआधीच कोसळतो. डाव्या पायाने मारलेल्या चेंडूची फिरकी उलटी असल्याने तो विरुद्ध बाजूला सरकतो. त्यात वाऱ्याची भर पडते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळून आलेल्या पंटरांनी ही अडचण वाढवली आहे. ते लहानपणापासून निरनिराळ्या पद्धतींनी चेंडू लाथाडायला शिकलेले असतात, आणि उभा गोल फिरणारा, तरंगणारा किंवा बुटका घरंगळणारा असा हवा तो चेंडू मारू शकतात. सर्वोत्तम महाविद्यालयीन पंटरला मिळणारा रे गाय पुरस्कार 2014 ते 2017 या चारही वर्षी ऑस्ट्रेलियन खेळाडूंना मिळाला : युटा विद्यापीठाचा टॉम हॅकेट दोनदा, त्याच विद्यापीठाचा मिच विश्नोव्स्की आणि टेक्सास विद्यापीठाचा मायकल डिक्सन.

कोपर अंगाशी, तळवे वर आणि छातीचा आधार, अशा पद्धतीने चेंडू झेलावा, असे शिकवले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाय आधी पोचले पाहिजेत. जो रिटर्नर चेंडूखाली येऊन स्थिर उभा असतो, त्याचा झेल सहसा सुटत नाही आणि पहिले पाऊलही त्यालाच मोकळेपणी टाकता येते. पंट परतवून संपूर्ण कारकिर्दीत नऊ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणे) करण्याचा महाविद्यालयीन विक्रम वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डांटे पेटिसने 2017 मध्ये ओरेगॉन विद्यापीठाविरुद्ध पूर्ण केला. त्याचे वडील गॅरी पेटिस हे व्यावसायिक बेसबॉलमध्ये मधल्या बाह्यक्षेत्रातले नामांकित क्षेत्ररक्षक होते आणि त्यांनी उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले होते. बॅटचा किंवा लाथेचा आवाज होताच चेंडू कोठे उतरेल हे ताडून तिकडे धावण्याची विद्या दोन्ही खेळांत एकच आहे.

झेल सुटला आणि प्रतिस्पर्ध्याने चेंडू उचलला, तर तो त्याला पुढे पळवता येत नाही, पण ताबा त्याचा होतो. चौथ्या संधीवर नमते घेतलेल्या संघाला नवे आक्रमण फुकट मिळते. 1 जानेवारी 2024 रोजी अलाबामाविरुद्धच्या रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात मिशिगन विद्यापीठाच्या हातून पहिल्या चरणात असाच चेंडू सुटला आणि अलाबामाने त्यातून टचडाउन केला. निर्धारित वेळेच्या अखेरीस 20-20 अशी बरोबरी असताना मिशिगनच्या रिटर्नरच्या हातून पुन्हा एकदा चेंडू निसटला. तो गोलरेषेच्या अगदी तोंडाशी त्यालाच परत मिळाला म्हणून संघ वाचला. मिशिगनने जादा वेळेत 27-20 असा विजय मिळवला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. हा हंगाम त्या एका चेंडूवर किती टेकलेला होता, याचा विचार केला म्हणजे सुरक्षित हातांच्या रिटर्नरला प्रशिक्षक वेगवान रिटर्नरपेक्षा अधिक पसंती का देतात ते उमगते.

धावण्याच्या कलेत पहिल्या माणसाला चुकवणे ही निम्मी लढाई असते. ते काम रिटर्नरचे एकट्याचे आहे; साथीदार बाकीच्यांना अडवतात. टोकाच्या दोन वेगवान खेळाडूंना, ज्यांना गनर म्हणतात, बहुधा दोघे-दोघे मिळून रोखून धरतात, आणि इतर खेळाडू एका बाजूला रांग धरून धावण्याची गल्ली तयार करतात. चांगला रिटर्नर आधी दुसऱ्या बाजूला दोन पावले टाकून पाठलाग करणाऱ्यांना तिकडे ओढतो, मग एकदाच वळण घेऊन त्या गल्लीत शिरतो आणि पुढे सरळ पळतो. आडवे पळत राहणे आणि वाट शोधत मागे येणे हे नवख्याचे लक्षण मानले जाते. साथीदारांनी पाठीमागून ढकलल्यास दंड होतो आणि मिळवलेले अंतर वाया जाते, म्हणून अडवणाऱ्या साथीदाराला प्रतिस्पर्धी समोरून गाठता येईल अशा रीतीने धाव आखणे हीसुद्धा रिटर्नरचीच जबाबदारी असते.

या साऱ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 25 नोव्हेंबर 1971 चे आहे. त्या दिवशी ओक्लाहोमातील नॉर्मन येथे पहिल्या क्रमांकाचा नेब्रास्का आणि दुसऱ्या क्रमांकाचा ओक्लाहोमा यांची गाठ पडली. सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांत नेब्रास्काच्या जॉनी रॉजर्सने चेंडू झेलला, तेव्हा ओक्लाहोमाचा ग्रेग प्रुइट त्याला येऊन थडकला होता. रॉजर्स गर्रकन फिरला, तोल जाताना हात जमिनीला टेकवून सावरला आणि गर्दीतून वाट काढत 72 यार्ड धावून त्याने टचडाउन केला. फेअर कॅच घ्यावा असाच तो प्रसंग होता. नेब्रास्काने सामना 35-31 असा चार गुणांनी जिंकला. पुढच्या वर्षी रॉजर्सला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला, आणि उत्कृष्ट रिटर्नरसाठी 2011 पासून दिला जाणारा जेट पुरस्कार त्याच्याच टोपणनावाने ओळखला जातो. तो प्रथम मिळवणाऱ्या आर्कान्सॉच्या जो ॲडम्सने त्याच वर्षी टेनेसीविरुद्ध केलेली 60 यार्डांची धाव पाहण्यासारखी आहे. मागे सरकत, अनेकदा पकडला जाता जाता सुटून तो गोलरेषेपर्यंत पोचला. वर सांगितलेला सरळ पळण्याचा नियम त्याने पूर्णपणे मोडला होता.

नियम मोडून यशस्वी होण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. 31 ऑक्टोबर 1959 रोजी लुइझियाना स्टेट विद्यापीठ, म्हणजे एलएसयू, बॅटन रूज येथे मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध चौथ्या चरणात 0-3 असे मागे होते. मिसिसिपीच्या जेक गिब्सने तिसऱ्याच संधीवर पंट मारला. चेंडूचा टप्पा पडला आणि तो एलएसयूच्या 11 यार्डांच्या रेषेवर बिली कॅननने उचलला. गोलरेषेच्या इतक्या जवळ उसळता चेंडू उचलणे म्हणजे प्रशिक्षकाच्या रोषाला आमंत्रण. कॅनन मात्र एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना झुगारून 89 यार्ड धावला. एलएसयू 7-3 ने जिंकले आणि त्या वर्षीचा हाइझमन कॅननला मिळाला. टप्पा पडलेला चेंडू चांगला उसळून नेमका हाताशी आला आणि पाठलाग करणारे अजून पसरलेले होते, हे त्याने पाहिले होते. नियम माहीत असलेल्याने तो का आहे हे जाणून मोडलेला नियम आणि उतावीळपणा यांत फरक करावा लागतो.

संकेताबाबतही तितकेच सावध राहावे लागते. 21 ऑक्टोबर 2023 रोजी आयोवा सिटी येथे आयोवाच्या कूपर डीजीनने मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत टप्पा पडलेला चेंडू उचलून 54 यार्ड धावत टचडाउन केला. चित्रफीत तपासताना पंचांना दिसले की, चेंडू खाली येत असताना त्याने डावा हात हलवला होता. महाविद्यालयीन नियमानुसार अपुरा किंवा चुकीचा संकेतही संकेतच धरला जातो आणि चेंडू ताब्यात येताच खेळ थांबतो. टचडाउन रद्द झाला आणि आयोवा 10-12 असे हरले. साथीदारांना दूर पिटाळण्यासाठी आणि तोल सांभाळण्यासाठी हात किती व कसा हलवावा, याचाही सराव त्यामुळे आवश्यक ठरतो.

मोठे रिटर्नर सहसा इतर जागांवरही खेळणारे असतात. नोटर डेमच्या टिम ब्राउनने सप्टेंबर 1987 मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध लागोपाठ दोन पंट परतवून टचडाउन केले, मिशिगनच्या डेस्मंड हॉवर्डने 1991 मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध 93 यार्डांची धाव घेतली, आणि मिशिगनचाच चार्ल्स वुडसन 1997 मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध 78 यार्ड धावला. तिघांनाही त्या त्या वर्षी हाइझमन मिळाला. वुडसन हा प्रामुख्याने बचावात खेळणारा पहिलाच विजेता होता. ओक्लाहोमाच्या अँटोनियो पर्किन्सने 2003 मध्ये युसीएलएविरुद्धच्या एकाच सामन्यात तीन टचडाउन आणि 277 यार्ड मिळवले. पर्किन्स आणि टेक्सास टेकचा वेस वेल्कर यांच्या नावावर कारकिर्दीत पंट परतवून केलेले प्रत्येकी आठ टचडाउन होते. वेल्कर बुटका आणि अतिवेगवान नसलेला खेळाडू होता, इतका की 2004 च्या एनएफएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही. पेटिसने मोडला तो या दोघांचा विक्रम.

रिटर्नरचे मोजमाप सहसा प्रत्येक धावेतील सरासरी यार्डांनी केले जाते. 2019 मध्ये अलाबामाच्या जेलन वॉडलची सरासरी 24.4 यार्ड होती, ती देशात सर्वाधिक होती. परंतु या आकड्यात फेअर कॅच धरले जात नाहीत, सोडून दिलेले चेंडू धरले जात नाहीत, आणि भीतीमुळे प्रतिस्पर्ध्याने रेषेबाहेर मारलेले आखूड पंटही धरले जात नाहीत. वॉडलसारखा खेळाडू मागे उभा असेल तर पंटर चेंडू बाजूरेषेकडे वळवतो आणि त्यात पाच-दहा यार्ड गमावतो. हे गमावलेले अंतर पंटरच्या नावावर लिहिले जाते.