पोतं सीटवरून उठत नाही

टँडम सायकलवर, म्हणजे दोघांनी एकामागे एक बसून चालवायच्या सायकलवर, माल वाहायचा विषय निघाला की एक हिशेब हमखास ऐकू येतो. ‘मागे 70 किलोचा माणूस बसतोच ना, मग त्याच्या जागी 70 किलोचं पोतं ठेवलं तर सायकलला काय फरक पडणार?’ हिशेब सरळ वाटतो, पण तो चुकीचा आहे. त्यात नेमकं काय चुकतं हे कळलं की सायकलचं चाक ही किती विलक्षण रचना आहे तेही कळतं.

मागे बसलेला माणूस निव्वळ वजन नसतो. त्याचा काही भार सीटवर, काही पेडलवर, काही हँडलवर असतो. खड्डा आला की तो पायांवर जोर देऊन किंचित उठतो, गुडघे वाकतात आणि चाकाला बसणारा धक्का बोथट होतो. वळणावर तो सायकलबरोबर कलतो. शिवाय तो पेडल मारतो. पोतं यातलं काहीच करत नाही. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा पोत्याचा सगळा धक्का चाकाला सोसावा लागतो. क्षणभरासाठी तो स्थिर वजनाच्या दुप्पट-तिप्पटही होऊ शकतो.

तरीही टँडम माल वाहायला उत्तम, आणि याचं पहिलं कारण तिची लांबी. साध्या सायकलच्या दोन आसांमधलं अंतर साधारण 1 मीटर असतं, टँडमचं पावणेदोन मीटरच्या आसपास. साध्या सायकलच्या कॅरिअरवर माल ठेवला की तो मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा थोडा मागेच येतो. समजा, 50 किलो माल आसाच्या 10 सेंटिमीटर मागे गेला. तरफेच्या नियमाने मागच्या चाकावर 55 किलो येतात आणि पुढच्या चाकावरचा भार 5 किलोंनी कमी होतो. चढावर हँडल हलकं लागतं ते यामुळेच. टँडमवर मागची सीट, तिच्यासाठीचं हँडल आणि मागचे पेडल काढले की दोन्ही बाजूंना खाली मोकळी जागा मिळते. तिथे मागच्या आसाच्या 60 सेंटिमीटर पुढे 60 किलो माल बांधला, तर सुमारे 21 किलो पुढच्या चाकावर जातात आणि 39 मागच्या.

1954 साली व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू इथे फ्रेंच सैन्याशी झालेल्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी साध्या सायकलींवरून 200 किलोहून जास्त तांदूळ आणि दारूगोळा जंगलवाटांनी नेला. गोण्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना, दोन चाकांच्या मधोमध लटकवलेल्या असत. तिथे एरवी चालवणाऱ्याचे पाय असतात, म्हणून त्या सायकलींवर बसता येत नव्हतं. हँडलला बांबू बांधून त्या ढकलत नेल्या जात. टँडममध्ये ती मधली जागाही मिळते आणि चालवणाऱ्याची सीटही राहते.

आता चाकाकडे येतो. माझ्या मते सगळा खेळ इथेच ठरतो.

चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, भार कसा पेलतात? बहुतेकांना वाटतं की हब, म्हणजे आसाभोवतीचा चाकाचा मधला भाग, वरच्या तारांना लटकलेला असतो, म्हणजे माल चढवला की वरच्या तारा अधिक ताणल्या जात असतील. मोजून पाहिलं तर तसं होत नाही. वरच्या आणि बाजूच्या तारांचा ताण जवळजवळ तेवढाच राहतो. बदल दिसतो तो फक्त जमिनीजवळच्या चार-पाच तारांमध्ये, आणि त्यांचा ताण घटतो. पातळ तार दाबली तर वाकते, हे आपण जाणतो. पण ती आधीच खूप ताणून ठेवली असेल, तर त्या ताणात घट होणं हे दाब सोसण्यासारखंच काम करतं. पूर्वताण दिलेलं काँक्रीट हाच विचार उलटा वापरतं: तिथे आधी दाब देऊन ठेवतात आणि भाराखाली तो दाब घटतो.

चांगल्या चाकात एका तारेचा ताण 1000 न्यूटनच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक तारेला जणू 100 किलोचं वजन टांगलेलं. एवढ्या ताणाखाली 2 मिलिमीटर जाडीची, 29 सेंटिमीटर लांबीची पोलादी तार किती लांबते याचा हिशेब यंग गुणांकावरून, म्हणजे पदार्थ ताणाला किती दाद देतो हे सांगणाऱ्या आकड्यावरून, करता येतो. उत्तर येतं जेमतेम 0.46 मिलिमीटर. हा अर्धा मिलिमीटरच आपलं सगळं भांडवल. भाराखाली रिम, म्हणजे चाकाची बाहेरची धातूची कड, जमिनीपाशी किंचित चपटी होते. हा चपटेपणा 0.46 मिलिमीटरपर्यंत पोचला की तिथली तार पूर्ण ढिली पडते. ढिल्या तारेचं निपल, म्हणजे तिला रिमपाशी आवळून धरणारा छोटा नट, फिरून आणखी सैल होऊ शकतं, रिमचा बाजूचा आधार जातो, आणि त्याच क्षणी वळणावर आडवा जोर आला तर चाक पापडासारखं मुडपतं.

म्हणूनच ‘जाड तारा टाका’ हा सल्ला अपुरा आहे. मध्यभागी 1.5 मिलिमीटरपर्यंत बारीक केलेली तार घेतली, तर त्याच 1000 न्यूटनला ती सुमारे 0.8 मिलिमीटर लांबते. भांडवल जवळजवळ पावणेदोनपट झालं. रिम तेवढीच चपटी झाली तरी या तारेत बराच ताण शिल्लक राहतो. बारीक तार इथे जास्त टिकते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण वरचा हिशेब कागदावर करून पाहा.

तारा तुटतात त्याही जास्त भारामुळे नव्हे, थकव्यामुळे. चाकाचा घेर 2.1 मीटर धरला तर एका किलोमीटरला चाक सुमारे 476 वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तारेचा ताण एकदा घटून पुन्हा वाढतो. 2000 किलोमीटरमध्ये अशी साडेनऊ लाख आवर्तनं होतात. तार बहुधा हबपाशी, जिथे ती काटकोनात वाकते, तिथेच तुटते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तारेच्या वाट्याला येणारा चढउतार कमी करणं, म्हणजेच तारांची संख्या वाढवणं. टँडमच्या चाकांत 36, 40, कधी 48 तारा असतात. आपल्या गवळ्यांच्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकात 40 आणि पुढच्यात 32 तारा असतात, त्याही याचसाठी. मागे भार जास्त, म्हणून मागे तारा जास्त.

टँडमच्या मागच्या हबची रुंदीही वेगळी असते. साध्या गिअरच्या सायकलला 130 किंवा 135 मिलिमीटर, टँडमला 145 किंवा 160. गिअरच्या चकत्या उजवीकडे जागा खातात, त्यामुळे अरुंद हबमध्ये उजव्या तारा उभ्या आणि कडक, तर डाव्या तिरक्या आणि सैल राहतात. रुंद हबमध्ये हा फरक घटतो. भाराखाली आधी ढिल्या पडतात त्या डाव्या तारा, त्यामुळे जुनी टँडम घेताना मागचं चाक साध्या सायकलचं बसवलेलं तर नाही ना, हे मी सगळ्यात आधी पाहीन. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्याल तेव्हा मेकॅनिकला सरळपणाबरोबर ताणही तपासायला सांगा. चाक सरळ फिरत असूनही तारा सैल असू शकतात.

ब्रेकचं गणित वेगळं आहे. सायकल, माणूस आणि 100 किलो माल मिळून 195 किलो धरू. ताशी 25 किलोमीटर वेगावरून थांबायला पावणेपाच किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, पण 100 मीटर खोल उतार हळूहळू उतरताना तब्बल 190 किलोज्यूल. ती सगळी दोन ॲल्युमिनिअम रिममध्ये गेली आणि वाऱ्याने काहीच नेली नाही, तर तापमान 200 अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, तरी रिम तापून ट्यूब फुटण्याचा धोका खरा आहे. घाटात टँडमवाले वेगळा ड्रम ब्रेक सतत हलका लावून ठेवतात. माल वाहणाऱ्याने तो काढू नये.

राहिला चढ. सामान्य माणूस सलग 100 वॉट शक्ती देऊ शकतो. 195 किलो घेऊन 5 टक्के चढावर त्यातून ताशी सव्वातीन किलोमीटर वेग मिळतो, म्हणजे पायी चालण्यापेक्षाही कमी. तोल सांभाळणं अवघड. टँडमची एक सोय इथे कामी येते. पुढचे पेडल डावीकडच्या चेनने मागच्या क्रँकच्या (पेडल ज्याला जोडतात त्या दांड्याच्या) आसाला फिरवतात आणि तिथून उजवी चेन चाकाला. मागचे क्रँकचे दांडे कापून आस तसाच ठेवला आणि डावीकडे पुढे लहान, मागे मोठं चेनव्हील (चेनचं दातेरी चक्र) बसवलं, तर मागचे गिअर न बदलताही पेडल मारणं आणखी हलकं होतं.

मोटर बसवायची तर बसवावी. पण ‘चाकातला डायनॅमो बॅटरी भरतो, चार्जिंग नकोच’ असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यावर विसंबून पैसे घालू नका. डायनॅमो जी ऊर्जा देतो ती चाक फिरवणाऱ्याकडूनच घेतो, आणि प्रत्येक रूपांतरात काही वाया घालवतो. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला आजवर एकही अपवाद सापडलेला नाही. उलट हिशेब उत्साह वाढवणारा आहे. 195 किलो 100 मीटर वर उचलायला फक्त 53 वॉट-तास लागतात, आणि साधी सायकलची बॅटरीही घरच्या प्लगवर भरून ते सहज देते.

मोटर मात्र मागच्या हबमध्ये बसवू नका. मोटरचा हब मोठा असतो, त्यामुळे तारा आखूड होतात. आखूड तार त्याच ताणाला कमी लांबते, म्हणजे ते अर्ध्या मिलिमीटरचं भांडवल आणखी घटतं, आणि तेही सर्वांत जास्त भार पेलणाऱ्या चाकात. मागच्या क्रँकच्या आसाजवळ, चेनला जोडून बसवली तर चाक जसंच्या तसं राहतं आणि मोटरलाही गिअरचा फायदा मिळतो.